नंदाचे गुरुवार

श्रीकांत भावोजींचा, म्हणजे नंदाच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात उभी होते. एका हातात बोंबलांची जुडी, दुसऱ्या हातात फोन आणि भोवती सकाळची घासाघीस. भावोजी मुळातच कमी बोलणारे. "माधवीताई, नंदाचं संपलं सगळं... आत्ताच. झोपेतच," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागे कोणीतरी भांडी हलवत होतं, तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. माझ्या तोंडून नुसतं "बरं" निघालं. समोरच्या मासळीवाल्या मावशीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातली जुडी काढून घेतली आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. "बस गं बाय जरा," ती म्हणाली. मी बसले. मंगळवार होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की परवा गुरुवार आहे... मैत्रीण गेल्याची बातमी ऐकून माणसाला वार आठवावा, याची माझी मलाच लाज वाटली. पण आमच्या आवारातल्या बहुतेकांच्या मनात त्या सकाळी हाच विचार आला होता, हे मला नंतर कळलं.

सुनंदा परब ही आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्राची प्रमुख. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे आमचं आवार आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीत खाली ग्रंथालय आणि वर संगणक केंद्र. खाली मी, वर ती, अशी आमची सगळी नोकरी गेली. तिचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब गोरेगावला आलं, आणि वडील एका स्टुडिओच्या फाटकावर रखवालदारी करू लागले. नंदा शिकवण्या घेत घेत इलेक्ट्रॉनिक्स शिकली, नोकरी करता करता पुढची पदवी घेतली. आमच्याकडे आली तेव्हा ती केंद्रातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची व्यक्ती होती. आरे कॉलनीच्या रस्त्याने स्कूटर दामटत यायची, केसांत झाडांची पानं अडकलेली असायची आणि जिन्यातूनच तिची हाक ऐकू यायची, "माधवी, चल गो, डबा!" नम्रपणा तिच्या स्वभावात नव्हता. "मला येतं म्हणून सांगते, नसतं येत तर गप्प बसले असते," असं भर बैठकीत म्हणायची. आणि राग आला की तिची मुंबईची मराठी क्षणात मालवणीवर जायची. मग समोर कुलसचिव असोत नाहीतर कॅन्टीनवाला, तिला फरक पडत नसे.

तिच्या मजल्यावर काचेच्या भिंतीमागे एक थंडगार खोली आहे. परीक्षांचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, वसतिगृहाची नोंद, माझ्या ग्रंथालयाची सूची, संशोधकांची वर्षानुवर्षांची कामं, सगळं त्या खोलीतल्या यंत्रांवर उभं आहे. तिथून निघालेल्या तारा जमिनीखालून आवारातल्या प्रत्येक इमारतीत जातात. खाली बसून आम्हाला हे कधी जाणवायचं नाही. जाणवायचं ते फक्त लाईट गेल्यावर. जुन्या काळी लाईट अचानक जायची, वर बॅटऱ्यांचं टुंईटुंई सुरू व्हायचं आणि माझ्या डोक्यावरच्या छतावरून धावाधाव ऐकू यायची. एकदा मी तिला विचारलं, "अगं, लाईट गेली तर गेली. परत येईल तेव्हा यंत्रं चालू करायची. एवढं पळायचं कशाला?" तिने मला उलटा प्रश्न केला. "संध्याकाळी ग्रंथालय बंद करतेस तेव्हा आधी दिवे घालवतेस की आधी वाचकांना उठवतेस?" मी म्हटलं, आधी वाचकांना उठवते, पुस्तकं जागेवर लावून घेते, मग दिवे. "आणि कोणी मधेच मेन स्विच पाडला तर?" ...अंधारात उघडी पुस्तकं, जिन्यात चेंगराचेंगरी, उद्या कोणतं पुस्तक कुठे याचा पत्ता नाही. मला एका वाक्यात कळलं. यंत्रं बंद करायलाही एक क्रम असतो. लोक ज्यांच्याशी बोलतात ती यंत्रं आधी थांबवायची, माहिती सांभाळणारी नंतर, आणि कोण कुठे आहे हे बाकीच्यांना सांगणारं यंत्र सगळ्यात शेवटी. उठवताना उलटं. क्रम चुकला तर उठलेली यंत्रंही एकमेकांना ओळखत नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेलं वर्ष. आवारातलं विजेचं उपकेंद्र आमच्यापेक्षाही म्हातारं झालं होतं. ते बदलायचं, जमिनीखालच्या केबली नव्या टाकायच्या, असं ठरलं. काम टप्प्याटप्प्याने होणार होतं, आणि त्यासाठी दर गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत अख्ख्या आवाराची वीज बंद राहणार होती. किती महिने, ते कंत्राटदारालाही नक्की सांगता येत नव्हतं. बैठकीत सगळ्यांचे चेहरे उतरले. आमच्याकडे एक डिझेल जनरेटर होता, पण सगळ्या आवाराला पुरेल असा नव्हता. कुलसचिव म्हणाले, "साहजिकच आहे, जनरेटर परबमॅडमच्या सर्व्हर रूमला द्यावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदा म्हणाली, "नको."

मीही चकित झाले, कारण त्या जनरेटरसाठी आधीच्या वर्षी तीच भांडली होती. नंदा म्हणाली, "तो जीवशास्त्र विभागाच्या फ्रीजरना द्या. त्यात क्षयरोगाचे नमुने आहेत. एक बाई किती वर्षं खेडोपाडी फिरून ते गोळा करतेय, मला माहीत आहे. माझी यंत्रं झोपतात आणि परत उठतात. फ्रीजरमधलं एकदा मेलं की ते उठत नाही." कुलसचिव म्हणाले, "आणि नेटवर्क?" "ते मी दर गुरुवारी झोपवीन आणि दर गुरुवारी उठवीन." एखादं मूल झोपवण्याबद्दल बोलावं तशी ती बोलली. इतर विभागप्रमुख एकमेकांकडे बघत होते. आपल्या वाट्याची वीज कोणी स्वतःहून दुसऱ्याला दिल्याचं आमच्या विद्यापीठात तरी कोणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी तिने मला मुद्दाम वर बोलावलं. "ये, ऐक," म्हणाली. बघ नव्हे, ऐक. आदल्या दिवशी ती स्वतः विभागाविभागांत फिरून आली होती. कोणाचं काम चालू आहे, कोणाला थांबायला किती वेळ लागेल, हे तिने समोर उभं राहून विचारलं होतं. ईमेल पाठवून भागलं असतं, पण ईमेल लोक वाचत नाहीत आणि मग मलाच शिव्या घालतात, असं तिचं म्हणणं. त्या थंड खोलीत उभं राहिलं की कानात एक प्रचंड घोंघावणं भरतं, शेकडो पंख्यांचं. इतकी वर्षं मी त्या आवाजाखाली काम करत होते आणि तो आवाज आहे हे विसरून गेले होते. नंदाने काम सुरू केलं. तिच्यासोबत दीपेश होता, तिचा उजवा हात. घाटकोपरचा, हुशार, तापट आणि कायम घाईत. ती एकेक नाव घ्यायची, तो कळा दाबायचा, आणि त्या घोंघावण्यातला एकेक थर गळून पडायचा. यंत्रांच्या एका कपाटाचे दिवे विझले, मग दुसऱ्याचे. आवाज बारीक होत होत शेवटी एकाच यंत्राची घरघर उरली. नंदाने त्याच्यावर हात ठेवला आणि ते स्वतःच्या हाताने बंद केलं. थोड्या वेळाने वीज गेली. वीज गेल्याचं त्या खोलीत काहीच कळलं नाही, कारण तिथे जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं... मी आजवर देवळांत, डोंगरांवर, कुठे कुठे शांतता अनुभवली आहे. पण ती शांतता निराळी होती. हजारो माणसांची कामं, नावं, गुण, चुका, सगळं त्या अंधारात जपून ठेवलेलं होतं, आणि ते एका बाईने केलं होतं. नंदा म्हणाली, "चल, भूक लागली."

दुपारी वीज आली. दीपेश धावत आत गेला. नंदा मात्र खुर्चीत बसली आणि तिने चहा मागवला. चहा येईपर्यंत थांबली, तो सावकाश प्यायली, मग उठली. दीपेश काचेमागे तळमळत होता. हे दर गुरुवारी व्हायचं. तो मला जिन्यात भेटला की कुरकुरायचा, "बघा ना मॅडम, सगळं आवार खोळंबलंय आणि आमच्या मॅडमना चहा पायजे." मीही हसायचे. असेल तिची सवय, म्हणायचे.

मग उन्हाळ्यात तिच्या आजाराचं निदान झालं. नंदाने काहीही लपवलं नाही. कॅन्सर आहे, पसरलेला आहे, उपचार घेणार आहे, हे तिने कॅन्टीनवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना एकाच सुरात सांगितलं. ऐकणारे रडवेले झाले की तीच त्यांच्या पाठीवर थापटी मारायची. आम्ही दोघी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर डबा खायला बसायचो. तिथे तिने मला सांगितलं की बोरिवलीच्या रुग्णालयात किमो सुरू होतेय. डॉक्टरांनी विचारलं, कोणता वार सोयीचा? "मी म्हटलं, गुरुवार."

मला वाटलं तिची चूक झाली. "अगं, गुरुवारी तर आपला शटडाऊन असतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातली भाजी उचलली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. चिडलेसुद्धा. आजारपणात असली नाटकं सुचतातच कशी, असं काहीतरी बोलले. शुक्रवार घे, सोमवार घे, गुरुवारी तूच नसलीस तर दीपेश काय करेल? तिने डबा बंद केला. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी नसताना काय होतं ते मी असतानाच व्हायला हवं ना गो? काय चुकलं तर शुक्रवारी मी आहे. नंतरच्या शुक्रवारी कोण असेल?" पायऱ्यांवर खारी धावत होत्या, पोरं मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत चालली होती, आणि ही बाई स्वतःच्या मरणाची रंगीत तालीम ठरवून टाकल्यासारखी हात धुवायला नळाकडे गेली. जाताजाता वळून म्हणाली, "दीपेशला सांगू नकोस हां. त्याला वाटू दे, डॉक्टरने वार दिलाय."

पहिल्या किमोचा गुरुवार. बंद करणं ठीक झालं. दुपारी वीज आली, आणि दीपेशने घाई केली. त्या दिवशी प्रवेशअर्जांची शेवटची तारीख होती, बाहेर पोरांचे आणि पालकांचे फोन घणघणत होते. वीज आल्याबरोबर त्याने सगळं एकदम चालू केलं. कपाटं गरजली, दिवे लागले... आणि काही मिनिटांत वीज पुन्हा गेली. कंत्राटदाराची माणसं नवी केबल तपासत होती. बॅटऱ्या भरायला वेळच मिळाला नव्हता. अर्धवट जागी झालेली यंत्रं तशीच कोसळली, आणि सगळी माहिती सांभाळणारं मोठं यंत्र पुन्हा उठेना. दीपेशने नंदाला फोन केला, तो बंद. पुन्हा केला, बंद. मग तो धापा टाकत खाली माझ्याकडे आला. "मॅडम, वाट लागली. प्लीज, त्यांच्या मिस्टरांना लावा ना. एक मिनिट बोलू दे फक्त."

मी भावोजींना फोन लावला. ते रुग्णालयात तिच्या शेजारीच होते. मी घाईघाईने सगळं सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली. मग नंदाचा आवाज आला, अगदी स्पष्ट आणि पूर्ण जागा. "त्याला सांग, मी झोपलेय."

"नंदा, पोरांचे प्रवेश अडलेत!"

"ऐकलं मी. त्याला येतं सगळं. त्याला सांग, मी झोपलेय." आणि फोन ठेवला गेला.

मी दीपेशकडे वळले. खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली होती. "झोपल्यात रे," मी म्हटलं. तो एक सणसणीत शिवी हासडून जिना चढून गेला. ती दुपार मी विसरणार नाही. वर अजिबात धावाधाव नव्हती. माझ्या छतावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळ व्हायच्या सुमारास डोक्यावरचं घोंघावणं हळूहळू परत आलं. एकेक थर, एकावर एक, बरोबर क्रमाने... मी काम सोडून ऐकत बसले होते. थोड्या वेळाने दीपेश खाली आला. शर्ट घामाने भिजलेला. माझ्या टेबलासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, तो चहा कशासाठी असायचा ते आज कळलं." आलेली वीज टिकते की नाही, बॅटऱ्या थोड्या भरतात की नाही, हे बघायला तेवढा वेळ हवाच असतो. नंदाने तो चहात घालवला होता.

पण प्रवेशाची तारीख वाढवावी लागली होती. पालक ओरडले, वर्तमानपत्रवाल्यांचे फोन आले, आणि कुलगुरूंनी शुक्रवारी नंदाला बोलावलं. ती आली. किमोनंतरचा दुसरा दिवस, ओठ सुकलेले, जिना चढताना कठड्याला धरून. मी सोबत गेले आणि दाराबाहेर थांबले. आतलं सगळं ऐकू येत होतं. कुलगुरू म्हणाले, तुमची प्रकृती लक्षात घेता... त्यांना तिने मधेच थांबवलं. "सर, आजार माझा आहे, शटडाऊन विद्यापीठाचा. दोन्हीची सरमिसळ नको. माझ्या लोकांना वीज आल्यावर थांबायचं कसं ते मी शिकवलं नव्हतं. चूक माझी. कालपासून त्यांना येतं." तिला लेखी समज मिळाली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, खरं कारण सांगायचं होतंस!" ती कठड्याला टेकून दम घेत हसली. "खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी माझा गुरुवार काढून घेतला असता."

त्यानंतर दर गुरुवारी तिचा फोन बंद असायचा. दर गुरुवारी वर काही ना काही व्हायचं. कधी एखाद्या इमारतीची तार रुसायची, कधी क्रम एका जागी चुकायचा. आणि दर गुरुवारी वरची मंडळी आपलं आपण निस्तरायची. शुक्रवारी नंदा यायची, डोक्याला रुमाल बांधून, एकेका खुर्चीवर टेकत. काय बिघडलं हे ती विचारत नसे. "कोणी काय केलं?" एवढंच विचारायची. ज्याने केलं त्याला समोर बसवून सगळं त्याच्याच तोंडून ऐकायची, आणि ऐकताना तिचे डोळे असे चमकायचे की सांगणारा माणूस आपोआप ताठ व्हायचा. अश्विनी नावाची एक अबोल मुलगी केंद्रात आहे. दोन लेकरांची आई, मुलुंडहून येते. पूर्वी ती दीपेशला विचारल्याशिवाय कशालाही हात लावत नसे. पावसाळा संपता संपता तीच दीपेशला सांगू लागली, "थांबा सर, हे आधी नाही." मी खालून हे बघत होते आणि मला रोज नव्याने नवल वाटत होतं. उपचारांनी नंदाचं शरीर आठवड्याआठवड्याने झिजत होतं, आणि वरच्या मजल्यावर तिला येत होतं ते सगळं दुसऱ्यांच्या हातांत मुरत चाललं होतं. मरण अटळ असल्याचं कळल्यावर लोक देवदर्शनाला जातात, इच्छापत्र करतात, कोणी रुसून भिंतीकडे तोंड करतं. हिने आठवड्यातून एक दिवस स्वतःला वजा करून पाहायचं ठरवलं होतं. बेरीज चुकते का, ते बघायला.

पुढे डॉक्टरांनीच किमो थांबवली. उपयोग नव्हता. नंदा घरी राहू लागली. मी तिला शेवटची भेटले तोही गुरुवारच होता. गोरेगावला त्यांच्या घरी खिडकीजवळ पलंग लावला होता, बाहेर गुलमोहर. भावोजींनी सोलकढी केली होती. मी चमच्याने तिला भरवत होते, दोन चमच्यांनंतर ती नको म्हणायची, मग थोड्या वेळाने पुन्हा तोंड उघडायची. आवारातलं काही सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. दुपार कलली. मला माहीत होतं की मरोळला आता वीज यायची वेळ झाली, आणि तिलाही ते माहीत असणार. मी चोरून फोनकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोप लागली. मग तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. अगदी हळू, आईशी बोलायची त्या भाषेत ती म्हणाली, "आता चाय पियत असतले..."

पुढच्या मंगळवारी ती गेली. गुरुवारी शटडाऊन होता. तो पुढे ढकलू, असं कुलसचिव म्हणाले होते. दीपेशने सांगितलं, नको. मी वर गेले नाही, माझ्याने जाववलं नाही. खाली बसून ऐकलं. आवाज थराथराने उतरला, दुपारी थराथराने चढला, कुठेही अडखळला नाही. संध्याकाळी दीपेश खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं आता त्याला सांगायला हरकत नाही. मी म्हटलं, "दीपेश, ते गुरुवार... डॉक्टरांनी दिले नव्हते रे."

"माहीत आहे मॅडम," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासूनच. मी हॉस्पिटलला फोन केला होता, वार बदलून मिळेल का विचारायला. ते बोलले, वार पेशंटनेच निवडलाय."

"मग तू काही बोलला नाहीस?"

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "त्या बोलल्या नाहीत ना. मग मी कसा बोलणार?" ...म्हणजे इतके महिने दोघंही एकमेकांसमोर बसून, सगळं ठाऊक असून, नुसतं काम करत राहिली होती. ती शिकवत नसल्यासारखं दाखवत होती आणि तो शिकत नसल्यासारखं. मी इतकी पुस्तकं सांभाळली. गुरू आणि शिष्य यांच्याबद्दल त्यांत पुष्कळ लिहिलेलं आहे. पण असं काही माझ्या वाचनात आलं नव्हतं.

उपकेंद्राचं काम नंतर लवकरच संपलं. नव्या केबली पडल्या, गुरुवारची वीजबंदी थांबली, सगळ्यांनी हुश्श केलं. जीवशास्त्रातल्या त्या संशोधक बाई पेढे घेऊन वर संगणक केंद्रात गेल्या, नंदाच्या रिकाम्या खुर्चीसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि डबा अश्विनीच्या हातात देऊन खाली आल्या. आता सगळं सुरळीत झालं असं म्हणायचं. पण गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर एक कागद दिसला. अमुक दिवशी संगणक केंद्राच्या इमारतीची वीज सकाळपासून बंद राहील. मी बुचकळ्यात पडले. काम तर संपलंय! चौकशी केली तेव्हा कळलं की दीपेशनेच परवानगी काढली होती. काही बिघडलेलं नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, मुद्दाम. कुलसचिवांनी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, हात विसरायला नकोत म्हणून.

त्या दिवशी मी वर गेले. काचेमागे अश्विनी होती आणि नव्याने रुजू झालेला एक इंजिनिअर. दीपेश कुठे दिसेना. "सर रजेवर आहेत," अश्विनी म्हणाली. "आजच?" "हो. आजच." तिने फोन उचलून मला दाखवला आणि किंचित हसली. "लावून बघितला मघाशी. बंद आहे." मग तिने फोन उपडा ठेवला, दोन्ही हात साडीला पुसले आणि त्या नव्या माणसाला म्हणाली, "चला. तुम्ही करा, मी मागे उभी राहते." त्याने बिचकत पहिल्या कळीवर बोट ठेवलं. मी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. घोंघावण्याचा पहिला थर गळून पडला...

दुपारी मी खाली आले तेव्हा वाचनकक्ष पुन्हा भरला होता. पंखे फिरत होते, सूचीचे पडदे उजळले होते, पोरं माना खाली घालून अभ्यास करत होती. उशिरा आलेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी थबकली. सगळ्या खिडक्या सताड उघड्या पाहून तिला नवल वाटलं असावं. "मॅडम, आज लाईट गेली होती का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "सांगून गेली होती."